वीरेंद्र डावीकडे बसतो

दत्तात्रय चपलेचा निसटलेला पट्टा नीट करायला वाकला आणि समोरचं कुत्रं पळालं नाही.

तो तसाच वाकलेला राहिला. एक बोट पट्ट्यात, दुसरा हात जमिनीपासून वीतभर वर. त्या हाताखाली खडी होती, बगीच्याच्या वाटेवर टाकलेली, मुठीत मावणारी. पांढुर्ण्यात माणूस असा वाकला की आसपासची कुत्री आधी मान खाली घालतात, मग अंग चोरतात आणि हात वर यायच्या आत दिसेनाशी होतात. इतर गावांतही होत असेल, पण इथं कुत्री वाकणाऱ्याच्या हातात गोटा आहे की नाही हे पाहायलाही थांबत नाहीत. कुत्रीच कशाला, तो स्वतःही थांबत नसे. सौसरच्या शाळेत गणित शिकवताना एखादा पोरगा खाली पडलेला पेन उचलायला वाकला की सरांची मान खांद्यांत जाई. पोरांना हे कळलं होतं. नंतर नंतर वर्गात पेन फार पडू लागले. आणि हे तांबूस, एक कान अर्धा मुडपलेलं कुत्रं त्याच्या हाताकडे नुसतं पाहत होतं, या हातातून आता काय निघतं अशा नजरेनं. तो सरळ झाला, इकडेतिकडे पाहिलं आणि मुद्दाम पुन्हा वाकला. कुत्रं पुढं आलं आणि त्यानं त्याची बोटं हुंगली. नाक ओलं आणि थंडगार होतं. हे गावचं नाही, त्याला वाटलं. याला अजून कोणी गोटा मारलेला नाही. असा जीव असतो, हे त्याला माहीत होतं, पण त्यानं तो पाहिला नव्हता.

"काही करणार नाही ती, काका," पलीकडच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली. तिच्या हातात गुंडाळलेला पट्टा होता.

"ते दिसूनच राहिलं," तो म्हणाला. "कुठची आहे?"

"मी? इंदूरची."

"कुत्रीचं विचारतो."

ती हसली. "तीही इंदूरचीच. मिठाईच्या दुकानामागं सापडली, म्हणून बुंदी. दोघींची बदली झाली इकडे." तिचं नाव उर्वशी. पांढुर्णा जिल्हा झाल्यावर नव्या कचेऱ्यांत जी माणसं बाहेरून आली, त्यांतली ती एक. जुन्या वस्तीत, कापसाच्या एका जुन्या व्यापाऱ्याच्या घराचा वरचा मजला तिनं भाड्यानं घेतला होता. हा बगीचाही त्या नव्या माणसांसाठीच झाला, असं वस्तीत म्हणत. पूर्वी इथं कापसाच्या गाड्या सुटायच्या. बैलांना पाणी पाजायची दगडी डोणी अजून तशीच होती, तिच्यात आता कुत्री पाणी पीत. चार झाडं, मोजके बाक, खडीची वाट आणि फाटकावर हिंदीत पाटी : पालतू कुत्ते पट्टे के साथ ला सकते हैं. पाटी लागली त्या दिवशी दत्तात्रयची बायको सरला म्हणाली होती, "कुत्र्यायसाठी बगीचा झाला. आता मानसायसाठी एखादा करा म्हना." तरी संध्याकाळी वस्तीतली म्हातारी माणसं इथंच येऊन बसत, कारण नदीवरून वारा येई, आणि कुत्री पाहण्यात वेळ बरा जाई.

दुसऱ्या दिवशी तो गेला तो बुंदीलाच पाहायला, हे त्यानं घरी सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशीही गेला, आणि मग रोजच जाऊ लागला. उर्वशी काही विचारी तेव्हा तो मान वळवून उजवा कान पुढं करी. तिनं ते पाहिलं आणि मग ती उजवीकडेच बसू लागली. घरची माणसं, शाळेतले जुने सोबती, किराणावाला, सगळ्यांना ही सवय होती, पण त्यांना ती लागायला वर्षं गेली होती. हिला तीन संध्याकाळी पुरल्या. "लहानपणापासून आहे का काका, हे कानाचं?" पोळा तोंडावर आला तेव्हा तिनं विचारलं. तो म्हणाला, "नाही. गोटमारीत गेला. लग्न झालं त्याच वर्षी." गोटमार म्हणजे काय हे तिला कचेरीत कळलं होतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्यावर सावरगाव, मधे पाण्यात रोवलेलं पळसाचं झाड, आणि दिवसभर गोटे. बंदोबस्ताच्या बैठका तिच्याच कचेरीत चालू होत्या. तिनं अगदी साध्या आवाजात विचारलं, "कोणी मारला?"

हा प्रश्नच त्याला कोणी कधी विचारला नव्हता. त्या दिवशी कानातून रक्त येत असताना ज्यांनी उचलून नेलं त्यांनी विचारलं नव्हतं. टाके घालणाऱ्या डॉक्टरनं विचारलं नव्हतं. आईनं नवसाचा नारळ ठेवला, तिनंही नाही. गावात तो रिवाजच होता. गोटा पलीकडून येतो, माणसाकडून येत नाही. अलीकडची लेक पलीकडे दिलेली असते, पलीकडची अलीकडे. दिवस मावळला, झाड निघालं, ढोल वाजले की ज्यांनी फेकले आणि ज्यांना लागले ते एकमेकांच्या घरी चहाला बसतात. त्यात कोणाचा गोटा होता हे विचारायचं म्हटलं तर अर्ध्या गावाचं जेवण तुटेल. म्हणून कोणी विचारत नाही, आणि विचारत नाही म्हणून कोणी सांगत नाही. "असं विचारत नसतात आमच्याकडे," तो म्हणाला. उर्वशी म्हणाली, "सॉरी काका," आणि बुंदीच्या अंगावरचं गोचीड शोधू लागली. पण प्रश्न तिथंच राहिला. घरी जाताना तो त्याच्याबरोबर चालला, जेवताना ताटाशेजारी बसला.

कारण त्याला ठाऊक होतं. म्हणजे ठाऊक आहे असं तो धरून चालला होता. पलीकडच्या काठावर पिवळा सदरा, मागं गेलेला हात, त्या हाताच्या वरती आभाळाचा एक लखलखीत तुकडा. मग आवाज नव्हे, आवाजाच्या जागी काहीतरी जड. पिवळा सदरा त्यानं आदल्या दिवशी पोळ्याला सावरगावात, सासुरवाडीत पाहिला होता, सरलेच्या धाकट्या भावाच्या अंगावर. वीरेंद्र तेव्हा कॉलेजात नुकताच गेला होता, मिशा फुटत होत्या, नव्या जावयाशी बोलायला लाजत होता. पिवळे सदरे त्या काठावर कितीतरी असतील. पण त्याच संध्याकाळी वीरेंद्र आपल्या वडिलांबरोबर आला, खाटेच्या डाव्या अंगाला, पट्टी बांधलेल्या बाजूला बसला आणि तास-दीड तासात एक शब्द बोलला नाही. तेव्हापासून तो डावीकडेच बसत आला. लग्नात, बारशात, मोहगावच्या मावसभावाच्या तेराव्याला, आणि आता बगीच्यातल्या बाकावर. सावरगावात त्याचं बी-बियाणं आणि फवारणीच्या पंपांचं दुकान होतं. संध्याकाळी ते पोरावर सोडून तो पूल ओलांडून येई, "काहो भाऊजी" म्हणून डाव्या हाताला बसे आणि कधीतरी हलक्या आवाजात बोलू लागे. दत्तात्रयला त्यातलं काही ऐकू येत नसे. गालावर श्वास लागे, बाकाची फळी किंचित थरथरे. तो समोर पाहत राही आणि मधूनमधून मान हलवी.

असं का, हे त्यानं स्वतःला विचारलं नव्हतं, कारण त्यानं स्वतःच त्याचं उत्तर देऊन टाकलं होतं. हा पोरगा आपण काय केलं ते पाहत बसतो. जो कान आपण घालवला त्याच्याशेजारी बसून त्याची भरपाई करतो. बसू द्यावं. आपण कधी काही बोललो नाही, बोलणार नाही. रात्री आडवं पडल्यावर या विचारानं त्याला बरं वाटे, चांगल्या माणसाच्या अंगात जी ऊब असते ती जाणवे. त्या उबेवर त्यानं अख्खा संसार काढला. दोघा भावाबहिणींत शेतीच्या वाटणीवरून जरा कुरकुर झाली तेव्हा त्यानं सरलेला गप्प केलं होतं, आणि ते करताना त्याच्या मनात हेच होतं, की मी याहून मोठं सोडून दिलं आहे. आता, एका परक्या मुलीनं सहज विचारल्यावर, त्याला पहिल्यांदा दिसलं की ज्या गुन्ह्याची कोणी फिर्यादच केली नव्हती तो आपण इतकी वर्षं माफ करत बसलो होतो. आणि वीरेंद्रला ते माहीत होतं का? माहीत नसेल तर तो तिथं कशाला बसत होता?

त्याला भीती वाटायला हवी होती, पण कुतूहल वाटलं. शाळेत एखादं गणित उत्तराच्या बाजूनं बरोबर यायचं आणि रीत तपासायला घेतली की मधली एक पायरी रिकामी सापडायची, तेव्हा जसं वाटायचं तसं. त्यानं तपासायचं ठरवलं. दुसऱ्या संध्याकाळी तो बाकाच्या अगदी डाव्या टोकाला, लोखंडी हातावर कोपर टेकून बसला. डावीकडे मुंगीला जागा नव्हती. उजवीकडे बाक मोकळा होता. पलीकडच्या बाकावर उर्वशी, तिच्या पायाशी बुंदी. वीरेंद्र फाटकातून आला. त्याचे केस आता पिकले होते, चाल जरा मंदावली होती, गळ्याशी उपरणं होतं, उकाड्यातही. तो बाकापाशी येऊन उभा राहिला.

"सरका न भाऊजी."

"बस न इकडे. एवढी जागा आहे."

"तिकडून ऊन येते डोळ्यावर."

ऊन व्यापाऱ्यांच्या घरांमागं केव्हाच गेलं होतं. डोणीतलं पाणीसुद्धा काळं दिसत होतं. दत्तात्रयनं त्याच्याकडे पाहिलं. वीरेंद्र डोणीकडे पाहत होता. "तुले ऊन लागून राहिलं?" दत्तात्रय म्हणाला. "डोळे तपासून घे."

"घेतो. सरका आता."

तो सरकला. वीरेंद्र डावीकडे बसला, गुडघ्यांवर हात ठेवून. बराच वेळ दोघं कुत्री पाहत राहिले. कोणाचं तरी पांढरं केसाळ कुत्रं बुंदीमागं धावलं आणि थकून वाटेतच बसलं, त्यावर वीरेंद्र मोठ्यानं, उजव्या कानाला पोचेल असं म्हणाला, "हे साहेबाचं दिसते. चढाले गाडी लागत असंल." मग बुंदी येऊन त्याच्या पायांवर हनुवटी टेकून पडली, आणि त्याचा आवाज खाली गेला. दत्तात्रयला तो खाली गेलेला कळला, जसं नदीकाठी उभं राहिल्यावर पाणी ओसरलेलं न पाहता कळतं. फळी थरथरू लागली. यावेळी त्यानं लक्ष दिलं. थरथर सलग नव्हती. ती थांबे, पुन्हा सुरू होई, एका ठिकाणी बराच वेळ थांबली आणि मग एकदम दोनदा आली. हा माणूस काही तरी सांगतो आहे, आणि ते क्रमानं सांगतो आहे. दत्तात्रयनं सवयीनं मान हलवली. मान हलवताना त्याची नजर पलीकडच्या बाकावर गेली. उर्वशी पट्टा हातात धरून बसली होती, आणि तिच्या चेहऱ्यावरून त्याला कळलं की तिला ऐकू येतं आहे.

वीरेंद्र उठला. पोळा जवळ आला होता, दुकानात बैलांच्या रंगाला गिऱ्हाईक होतं. "ताईले सांगा, पोळ्याले येतो म्हना," तो मोठ्यानं म्हणाला, बुंदीचं डोकं थापटलं आणि गेला. उर्वशी आली ती उजवीकडे बसली. तिला जे बोलायचं होतं ते त्याला इतकं स्पष्ट दिसत होतं की त्याला वाटलं उठून जावं. तिनं तोंड उघडलं की तो पिवळा सदरा तरी वीरेंद्रचा ठरेल, नाहीतर कोणाचाच उरणार नाही. ठरला तर पोळ्याच्या ताटावर समोरासमोर बसून त्याला पुरणाची पोळी वाढताना आपला हात कसा राहील? आणि सरला? तिला कळलं की आपण मनात हे धरून तिच्या भावाला घरात घेत होतो, तर ती कोणावर रागावेल? ठरला नाही तर त्याहून वाईट. मग आपल्याजवळ काय राहतं? पण उठावंसं वाटूनही तो उठला नाही. पाय जमिनीवर होते आणि कान, जो होता तो, तिच्याकडे वळलेला होता.

"काका, एक विचारू? ते जे बोलतात ते तुम्हाला ऐकू येतं?"

"नाही."

"अजिबात?"

"त्या बाजूनं अजिबात नाही."

"मला वाटत होतं थोडं तरी येतं," ती म्हणाली. "तुम्ही मान हलवता. ते थांबतात, तुमच्याकडे पाहतात, तुम्ही मान हलवता आणि समोर बघता. मला तुमचा फार राग येत होता, काका. म्हटलं काय माणूस आहे."

"काय बोलते तो?" दत्तात्रयनं विचारलं. "गोट्याचं?"

"कसला गोटा?" ती म्हणाली. मग तिला आठवलं. "नाही, नाही. ते काहीच नाही. त्यांच्या गळ्यात गाठ आहे. नागपूरला दाखवलंय. डॉक्टर म्हणाले तुकडा काढून तपासायचा, सोमवारी या, घरचं कोणीतरी बरोबर घेऊन या. हा दुसरा सोमवार आहे. मागचा त्यांनी घालवला. कोणाला घेऊन जाऊ, म्हणतात. पोराला सांगितलं तर तो दुकान टाकून रडत बसेल. ताईला कळू द्यायचं नाही. मग म्हणाले, नाही जात, काय होईल. ते दोनदा म्हणाले. तुम्ही मान हलवली."

बुंदी उठून डोणीपाशी गेली आणि पाणी प्यायली. तिच्या जिभेचा आवाज त्याला उजव्या कानानं नीट ऐकू आला. "याच्या आधी?" त्यानं विचारलं. "आधी काय बोलायचा?"

"मी काय, पाऊस लागल्यापासूनच येते इथं. मुलाचं बोलायचे, की तो धंद्यात लक्ष घालत नाही. एकदा त्यांच्या बायकोचं. गेल्या ना त्या? की घर संध्याकाळी खायला उठतं म्हणून इकडे येतो. असंच. कोणाला सांगत नसतील असं." तिनं बुंदीला हाक मारली. "मी ऐकायला नको होतं."

"नाही," तो म्हणाला.

ती गेल्यावरही तो बसून राहिला. त्याला काय वाटायला हवं होतं ते त्याला माहीत होतं, लाज वगैरे, आणि ती होतीही, पण तिच्याखाली एक वेगळी, जवळजवळ हावरट गोष्ट होती. त्याला सगळं ऐकायचं होतं. खाटेच्या डाव्या अंगाला बसून एक शब्द बोलला नाही, असं आपण इतकी वर्षं म्हणतो, तेव्हा तो खरंच बोलला नव्हता का? पट्टीच्या खाली कान बंद होता. बोलला असेल. त्याचे वडील गेले त्या रात्री तो अंगणात आपल्या डावीकडे बसला होता आणि आपण मान हलवत होतो. त्याच्या बायकोला दवाखान्यातून घरी आणलं त्या दिवशीही. एका माणसाचं अर्धं आयुष्य आपल्या डोक्याच्या एका बाजूनं आत घातलं गेलं आणि आत काहीच नाही. आणि तो पुन्हा येत होता. काही न ऐकणाऱ्या माणसाकडे एखादा परत परत का येतो, याचं उत्तर त्याला समोर दिसत होतं आणि ते इतकं सोपं होतं की इतक्या वर्षांत न दिसल्याचं त्याला नवल वाटलं. सांगायचं असतं, पण कळवायचं नसतं. सोमवारचं मात्र तसं नव्हतं. सोमवारचं सांगताना तो थांबला होता आणि मग तेच दोनदा बोलला होता. फळीला ते कळलं होतं.

तो उठला तो घराकडे वळला नाही. नदीकडच्या गल्लीतून उतरला आणि पुलावर आला. खाली पाणी गढूळ, फार नव्हतं. पलीकडच्या काठावर ट्रॅक्टरनं आणून टाकलेल्या गोट्यांचे ढीग दिसत होते आणि दोन शिपाई त्यांच्याकडे पाहत उभे होते, जणू आता त्यांचं काय करायचं हे कोणी सांगितलं नव्हतं. पोळ्याच्या आधीच्या या दिवसांत तो सहसा हा पूल ओलांडत नसे. मनाई नव्हती, पाय वळत नसत. वीरेंद्रच्या दुकानात रंगाच्या पुड्या, झुली, मातीचे बैल मांडलेले होते. पोरगा दिसत नव्हता. वीरेंद्र स्टुलावर उभा राहून वरच्या फळीवरून पंपाची नळी काढत होता. त्यानं वळून पाहिलं.

"भाऊजी? तुमी इकडे काहून?"

दत्तात्रय गल्ल्याच्या बाजूनं आत गेला आणि स्टुलाशेजारी उभा राहिला. वीरेंद्र खाली उतरला, सवयीनं डावीकडे सरकायला लागला, पण तिकडे पोती रचलेली होती.

"सोमवारी कोनत्या गाडीनं जाचं?" दत्तात्रयनं विचारलं.

वीरेंद्रच्या हातात नळी होती. त्यानं ती गुंडाळायला सुरुवात केली. एक वेढा, दुसरा वेढा, मधेच एक सुटला तो पुन्हा घेतला. बाहेर एक बाई मातीच्या बैलाची शिंगं तपासत उभी होती, तिला त्यानं हातानंच थांबायला सांगितलं. त्याच्या गळ्याशी उपरण्याखाली काहीतरी हललं, आवंढा असेल. कोणी सांगितलं, असं तो आता विचारेल म्हणून दत्तात्रय वाट पाहत राहिला. त्यानं विचारलं नाही.

"सकाळचीच पकडा लागते," वीरेंद्र म्हणाला. "दुपारून डॉक्टर भेटत नाही."

"बरं."

"ताईले का सांगसान?"

त्याचा विचार दत्तात्रयनं केला नव्हता. त्यानं रंगाच्या पुड्यांकडे पाहिलं, हिरवा, गेरू, चकचकीत चंदेरी. "कान दाखवाले चाललो म्हनतो," तो म्हणाला. "मशीन बसवाची आहे, अन् सोबतीले तुले घेऊन चाललो. तिले पटंल. लय दिवसांची माह्या मांग लागली आहे."

वीरेंद्रनं नळी खुंटीला अडकवली. बाहेरच्या बाईला त्यानं बैलाचा भाव सांगितला, ती नाही म्हणून पुढं गेली, तरी तो तिकडेच पाहत राहिला.

"मशीन घेऊ नका पन," तो म्हणाला.